बिस्किटाच्या कंपनीतला बधिर हात

(नाव-गाव गाळून पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, वय 34. लग्नानंतर नऊ हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या. थोरल्या मुलीची शाळा मोडू नये म्हणून दोन वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरजवळ खोली केली. मालक गवंड्याच्या हाताखाली जातात. ताई 14 महिने झाले, एमआयडीसीतल्या एका कोंबडी प्रक्रिया कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला आहेत. लेगपीसमधलं हाड सुरीनं काढायचं, हे त्यांचं काम. मिनिटाला चार लेग, एका लेगला सहा वेळा तरी सुरी. टार्गेट झालं की दिवसाला 40 रुपये वर. सासरे माळकरी, म्हणून गावाकडे सांगितलंय की बिस्किटाच्या कंपनीत आहे.

चार महिन्यांपासून उजव्या हाताला मुंग्या येतात. "रात्री दोनला हात मेल्यावानी होतो. उठून झटकला की जित्ता होतो." आता दिवसाही हातातून तांब्या सुटतो. कॉलनीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून शक्तीची इंजेक्शनं आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्यांनाही बिस्किटाचीच कंपनी सांगितली, कारण त्यांचा कंपाउंडर गावाकडचा. सासूबाईंना मात्र खरं कळलंय. त्या म्हणतात, "रोज जिवावर सुरी चालवती, देव बघत नसंल का? हात त्याच्यानंच गेला." सुपरवायझर म्हणतात, सुरुवातीला सगळ्यांचेच हात दुखतात. दसरा जवळ आलाय, मुकादम ऊसतोडीची उचल (आगाऊ पैसे) द्यायला तयार आहे आणि मालक म्हणतात परत कोयत्याला जाऊ. ताई विचारतात: "काम सोडू का सहन करू? का माझाच हात नाजूक आहे? लाइनवरच्या बाकीच्या बायांना तर काही होत नाही. माझ्या टेबलावर माझ्याआधी दोघी होत्या, त्या तीन-चार महिन्यांतच सोडून गेल्या. मी तर चौदा महिने टिकले.")

ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. डॉक्टरांना बिस्किटाची कंपनी सांगितली, कारण कंपाउंडर गावाकडचा. मी वीसेक वर्षं फिजिओथेरपीचं काम केलं, त्यातली बरीचशी एमआयडीसीच्या आसपास. तेवढ्या अनुभवावर सांगते, त्या एका वाक्यात तुमचे चार महिने गेले.

डॉक्टरांना दोष द्यायची मला घाई नाही. समोर चौतिशीची बाई आहे, हाताला मुंग्या येतात म्हणते, काम विचारलं तर बिस्किटं पॅक करते म्हणते. चेहरा ओढलेला. त्यांनी अशक्तपणा म्हटलं, इंजेक्शन दिलं. पण "बिस्किटाच्या कंपनीत नक्की काय करता, हातानं दाखवा बरं" असं त्यांनी विचारायला हवं होतं, हेही खरंच. इटलीत रामाझिनी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. कामामुळे होणाऱ्या आजारांवर त्यांनी 1700 साली लिहून ठेवलंय की रोग्याला बाकीचं सगळं विचारताना आणखी एक विचारा, तुझा धंदा काय? त्याला तीनशे वर्षं उलटली. आपल्याकडच्या केसपेपरवर आजही वय असतं, वजन असतं, फार तर "गृहिणी" किंवा "मजुरी" असतं. मजुरी म्हणजे कोणती मजुरी, कोणता हात, दिवसात किती वेळा, याला जागाच नसते.

तर पहिलं काम हे. गावाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तिथे बिस्किटाची कंपनीच राहू द्या, मला त्यात काही वावगं दिसत नाही. पोटासाठी केलेल्या कामाचा हिशेब गावाला द्यायची सक्ती कुणावर नाही. पण डॉक्टरच्या टेबलासमोर बसल्यावर खरं काम सांगायचं. कंपाउंडरची अडचण असेल तर डॉक्टर बदला. तुम्हाला तसंही दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागणार आहे, ते पुढे सांगते.

आता हाताचं बघू. बांगडी जिथे टेकते त्याच्या थोडं पुढे, तळहाताच्या बुडाशी, मनगटाची आठ छोटी हाडं मिळून एक खोबण होते. तिच्यावर एक जाड, चिवट पट्टा ताणून बसवल्यासारखा असतो. खाली हाडं, वर पट्टा, मधून अरुंद वाट. त्या वाटेनं बोटं मिटवणारे नऊ दोर जातात आणि त्यांच्याच गर्दीतून एक नस जाते. तुमच्या गावाची जुनी वेस डोळ्यापुढे आणा. एका वेळी नऊ बैल वेशीतून चाललेत आणि त्यांच्यात एक माणूस अडकलाय. बैल शांत चालले तर माणूस निभावतो. पण दिवसभर पळवून पळवून बैल सुजले, वेस मात्र तेवढीच राहिली, तर चेंगरणार कोण?

ही नस अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्यांची जाणीव सांभाळते. करंगळीकडे जाणारी नस वेगळी, ती कोपरामागून येते. म्हणून रात्री नेमकी कुठली बोटं बधिर होतात हे फार मोलाचं असतं आणि पत्रात तुम्ही तेवढंच लिहायचं राहिलंय. झोपेत आपण मनगट दुमडून घेतो, वाट आणखी आवळते, नस दबते आणि जाग येते. उठून हात झटकला की बरं वाटतं. "झटकला की जित्ता होतो" हे तुमचे शब्द वाचून कुठलाही हाडांचा डॉक्टर कान टवकारेल. या दुखण्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. तेच आहे असं मी पत्रावरून ठरवू शकत नाही, ठरवणारही नाही. पण संशय घ्यायला एवढं पुरे आहे.

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल लिहायचं का नाही, असा विचार मी दोन दिवस केला. पण पत्र पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की तुम्हाला मुंग्यांपेक्षा ते वाक्य जास्त दुखतंय. हात दुखण्याची लाज वाटावी असं काही तुम्ही केलेलं नाही. माझी आई परभणीला शिवणकाम करायची. तिचा अंगठा सकाळी दुमडलेलाच राहायचा, दुसऱ्या हातानं ओढला की खट्कन सुटायचा. आयुष्यभर तिनं कापलं ते कापडच. तशीच दुखणी घेऊन माझ्याकडे बँकेतले टायपिस्ट आलेत, केस कापणारे आलेत, वेल्डर आलेत, रोज चाळीस-पन्नास भाकरी थापणाऱ्या खानावळीतल्या मावशी आल्यात. नसेला सुरीखाली काय आहे ते कळत नाही. किती जोरानं, किती वेळा, किती वाकडं आणि किती गारठ्यात, एवढंच तिला कळतं.

यातलं "किती वेळा" आपण मोजूया, कारण ते अजून तुम्हाला कुणी मोजून दाखवलेलं दिसत नाही. मिनिटाला चार लेग, एका लेगला सहा वेळा सुरी, म्हणजे मिनिटाला 24. तासाला 1,440. जेवण-चहा सोडून सात तास धरले तर दिवसाला 10,080. दहा हजार वेळा मूठ आवळली, मनगट वळलं, अंगठ्यानं सुरीची मूठ दाबली. कोयता चालवणाऱ्या बाईला कष्टाचं काय सांगायचं, ते मला कळतं. तुम्ही मनातल्या मनात म्हणत असाल की ऊसतोडीपुढे हे काहीच नाही. अंगमेहनतीच्या हिशेबानं असेलही. पण फडात तुम्ही ऊस तोडता, पाचट काढता, मोळी बांधता, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चालता. सगळं अंग झिजतं, पण वेगवेगळं झिजतं. लाइनवर अंग उभं असतं आणि चार इंचांचं मनगट एकटं राबतं. शिवाय हात कोरा नव्हता, नऊ हंगामांचा कोयता त्यात आधीच मुरलेला होता.

दुसरं म्हणजे गारठा. मांस कापायची खोली साधारण दहा-बारा अंशांवर ठेवतात, ते मांस खराब होऊ नये म्हणून. बाहेर मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीस अंश असतात, तेव्हा शेजारणी म्हणत असतील, बाई एसीत काम करते, नशीबवान. थंडीत बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, स्पर्श मंदावतो. स्पर्श नीट कळला नाही की माणूस नकळत मूठ गरजेपेक्षा जास्त आवळतो. त्यात मांस ओलं, निसरडं. हातमोजा मोठा असेल तर आणखी आवळायचं. आणि सुरीची धार गेली असेल तर विचारूच नका. बोथट सुरीला जी जास्तीची ताकद लागते ती सगळी त्या वेशीतून जाते. तुमच्या लाइनवर सुऱ्यांना धार कधी लावतात, शिफ्टमध्ये किती वेळा बदलून मिळतात, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पण मी पैज लावते, पुरेशा वेळा नाही.

"बाकीच्या बायांना काही होत नाही." ताई, हे वाक्य आणि त्याच्या पुढचं वाक्य एकमेकांशेजारी ठेवून पुन्हा वाचा. तुमच्याच टेबलावर आधी दोघी होत्या आणि त्या तीन-चार महिन्यांत निघून गेल्या. का गेल्या, कुणी विचारलं? ज्यांचे हात गेले त्या घरी गेल्या, ज्यांचे तगले त्या लाइनवर दिसतात. मग लाइनकडे बघणाऱ्याला वाटणारच की इथे सगळ्यांचे हात धडधाकट आहेत. आणि ज्या दिसतात त्यातल्याही किती जणी रात्री दोनला उठून हात झटकत असतील, ते तुम्हाला कसं कळणार? तुम्ही तरी त्यांना कुठे सांगितलंय?

अमेरिकेत हे नीट मोजलं गेलं. तिथल्या सरकारच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनं दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या एका कोंबडी कारखान्यात कामगारांचे हात आणि नसा तपासल्या. 2014 साली अहवाल आला. तपासलेल्यांपैकी 42 टक्क्यांमध्ये कार्पल टनेलची चिन्हं सापडली. शंभरात बेचाळीस. एवढ्या सगळ्या लोकांचे हात जन्मतःच नाजूक होते असं म्हणायचं असेल तर म्हणा.

सुपरवायझरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सगळ्यांचेच हात दुखतात, स्नायू नव्या कामाला रुळत असतात, ते दुखणं सुट्टीच्या दिवशी कमी होतं. तुमचं दहा महिन्यांनी सुरू झालं, रात्री वाढतं, आणि आता वस्तू हातातून पडायला लागल्यात. ते "सुरुवातीचं" कसं म्हणायचं?

वस्तू पडणं ही मला न आवडलेली खूण. आज दिवसाउजेडी दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरा आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बघा. उजवीकडचा डावीपेक्षा बसका दिसत असेल, किंवा बधिरपणा आता चोवीस तास राहत असेल, तर हे सदर वाचून ठेवून द्यायचं नाही, याच आठवड्यात निघायचं. दबलेली नस काही महिने वाट बघते. फार काळ दाबली तर स्नायू वाळतो आणि मग ऑपरेशन करूनही पूर्वीची पकड येईलच असं नाही. घरी आणखी एक करून बघता येईल. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटं खाली, मनगटं पूर्ण दुमडलेली, आणि मिनिटभर तसेच धरा. त्या मिनिटात त्याच बोटांना मुंग्या आल्या तर डॉक्टरांना तेही सांगा. नाही आल्या म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका.

कुठे जायचं? आधी पगाराची चिठ्ठी काढा. तिच्यावर ई.एस.आय. किंवा कामगार विमा म्हणून काही कपात आहे का बघा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला हा विमा लागू होतो. ठेकेदाराकडून असलात तरी होतो. पगाराच्या पाऊण टक्का तुमच्याकडून कापतात, सव्वातीन टक्के कारखान्याकडून जातात. साडेतेरा हजार पगार असेल तर तुमचे शंभर-एक रुपये. कपात असेल तर तुमच्या नावाचा दहा आकडी विमा क्रमांक असतो. तो ठेकेदाराकडून मागून घ्या आणि विमा कार्यालयात दाखवून पैसे खरोखर भरले जातात का, ते विचारा. कापतात पण भरत नाहीत, हे मी पाहिलंय. क्रमांक चालू असेल तर तुमच्यासोबत मालक आणि लेकरांचाही दवाखाना त्यातच आहे. विम्याचं काहीच नसेल तर सरळ घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात जा, हाडांच्या ओपीडीला. रांग लांब असते, डबा घेऊन जा.

तिथे मागायचं काय, तेही सांगते, कारण "हात दुखतो" म्हटलं की पुन्हा गोळ्याच मिळतील. म्हणायचं: "मी कोंबडीच्या कारखान्यात सुरीचं काम करते, दिवसाला दहा हजार वेळा सुरी चालते, खोली थंड असते. रात्री ही अमुक बोटं बधिर होतात, झटकल्यावर बरं वाटतं, हातातून वस्तू पडतात." एवढी चार वाक्यं. मुलीकडून कागदावर लिहून घेतलीत तरी चालेल. नसेची विजेवरची तपासणी असते, तिला एनसीव्ही म्हणतात, ती लागेल का ते विचारा. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण त्यांच्यामुळेही असंच होतं किंवा असलेलं वाढतं. मानेतली नस दबूनही हातात मुंग्या येतात, तेही डॉक्टर बघतील. उपचार पायरीपायरीनं जातात. आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, मग गरज पडली तर मनगटात इंजेक्शन, आणि तरीही नाही भागलं किंवा स्नायू वाळायला लागला असेल तर छोटं ऑपरेशन, ज्यात तो वरचा चिवट पट्टा सोडवतात. ऑपरेशनचं नाव ऐकून घाबरू नका. पण हेही डोक्यात ठेवा की ऑपरेशन करून पुन्हा त्याच टेबलावर, त्याच सुरीनं, त्याच वेगानं उभं राहिलं तर डॉक्टरांनी वेस रुंद केली आणि आपण बैल वाढवले, असं होईल.

रात्री बांधायच्या पट्ट्याबद्दल दोन शब्द. तो झोपताना बांधायचा, आतली पट्टी मनगट सरळ ठेवेल असा. औषधाच्या दुकानात मिळणारा ताणाचा पट्टा करकचून बांधून वर हातमोजा घालून काम करायचं, हे पुष्कळजणी करतात. त्यानं उलट वाट आवळते. आणि दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने रोज घेऊ नका. पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात, आणि दुखणं झाकून ठेवल्यामुळे हात आणखी राबतो.

आजारपणाची रजा डॉक्टरांनी लिहून दिली तर कामगार विम्यातून पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि दाखला विम्याच्या डॉक्टरांचा लागतो. इथे एक गोम आहे. "हे कामामुळेच झालं" असं सिद्ध करून नुकसानभरपाई मागणं अवघड जातं, कारण आपल्या कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत शिसं आहे, पारा आहे, सिलिकोसिस आहे, पण मनगटाचं हे दुखणं नावानिशी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2010 च्या यादीत ते आहे. आपल्याकडे यायला आणखी किती हात जावे लागतील, कुणास ठाऊक. पण आजारपणाच्या भत्त्याला कारण सिद्ध करावं लागत नाही. आजारी आहात एवढं पुरतं. म्हणून भांडण मोठं करायच्या आधी हे सरळ मिळणारं घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. सोडू का सहन करू? ताई, या दोनच्या मध्ये आणखी काही आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्याच कारखान्यात वजन करणं, लेबल लावणं, खोकी भरणं, धुलाई, अशी बिनसुरीची कामं असतात. डॉक्टरांकडून "सहा आठवडे सुरीचं काम नको" असं लिहून घ्या आणि तो कागद सुपरवायझरला दाखवून बदली मागा. कागदाची एक प्रत जवळ ठेवा. तोंडी मागणं विरून जातं, कागद विरत नाही. दिवसाचे 40 रुपये बुडतील. महिन्याचे हजार-एक. ते मला क्षुल्लक वाटत नाहीत. पण ते 40 रुपये हाताला ज्या वेगानं पळवतात, तो वेगच इथे आजाराचं मूळ आहे. बदली देताना एका सुरीवरून दुसऱ्या सुरीवर टाकतील, "रोटेशन केलं" म्हणतील. लेग सोडून ब्रेस्ट कापायला लावणं ही बदली नव्हे. मूठ तीच, मनगट तेच.

आणि एकटीनं जाऊ नका. जेवणाच्या सुट्टीत चार जणींना विचारा, रात्री हात बधिर होतो का. मग चौघी मिळून दोन-तीन गोष्टी मागा, ज्यात कंपनीलाही फायदा दिसेल. धारदार सुरी हवी, शिफ्टमध्ये दोन-तीनदा तरी बदलून, कारण बोथट सुरीनं हाडाला मांस राहतं आणि ते कंपनीचंच नुकसान. हातमोजे बायकांच्या मापाचे हवेत. टेबल पुरुषांच्या उंचीचं असेल तर बुटक्या बाईचे खांदे दिवसभर वर चढलेले राहतात, म्हणून पायाखाली फळी हवी, न डगमगणारी. (उलटा क्रेट नको. ओल्या फरशीवर हातात सुरी घेऊन क्रेटवरून घसरलेली बाई मी तपासली आहे.) तासाला दोन-चार मिनिटं सुरी खाली ठेवून हात कोमट पाण्यात घालायची मुभा. यातलं अर्धं जरी मिळालं तरी तुमच्यानंतर त्या टेबलावर येणाऱ्या बाईचं भलं होईल. सुपरवायझर चिडतील का? चिडतील कदाचित. पण दर तीन-चार महिन्यांनी नवी बाई शिकवायचा त्यांनाही कंटाळा आलेला असतो. ते त्यांना आठवण करून द्या.

घरातलं राहिलं. हात लाइनवरून सुटतो आणि परातीत जातो. भाकरीचं पीठ आपण तळहाताच्या बुडानं रेटून मळतो, नेमकं त्या वेशीवर. धुणं पिळताना मनगट जेवढं वळतं तेवढं सुरीनंही वळत नाही. निदान दोन महिने पीठ मळणं आणि धुणं पिळणं तुमच्याकडून काढून घ्यायला हवं. मालक गवंडीकाम करतात, त्यांना सिमेंट कालवता येतं तर पीठ अवघड जाऊ नये. पहिल्या आठवड्यात भाकरी जाड होईल, खाऊन घ्या. मुलीवर मात्र हे टाकू नका. तिच्या शाळेसाठीच ही सगळी उठाठेव चाललीय.

कोयत्याबद्दल मी स्पष्ट बोलते. मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत हात दुखतो म्हणून थांबता येत नाही. कोयत्याची मूठ आवळायला तोच हात, तीच नस. फडात विमा नाही, दवाखाना नाही. आणि 2019 साली बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत 4,605 पिशव्या काढल्याचं तेव्हा सरकारनंच सांगितलं. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायका किती होत्या, ते तुमच्या गावात कुणीही सांगेल. काम बदलायचं नाही, बाईचं अंग मात्र कामाच्या मापाचं करून घ्यायचं. तुमच्या हाताचं तसं व्हायला नको. तरीही परत जायचं ठरलंच, तर निदान तपासणी आणि उपचार होईपर्यंत उचल घेऊ नका. दसरा दर वर्षी येतो, मुकादम दुसरा मिळेल. मालकांना "हात दुखतो" एवढंच सांगितलंय की दहा हजारांचा हिशेब सांगितलाय? तो सांगा. रोज विटा मोजणाऱ्या माणसाला आकडा पटकन कळतो.

आणि डॉक्टर म्हणालेच की सुरीचं काम कायमचं सोडा, कारखान्यानंही दुसरं काम दिलं नाही, तर मग सोडा. मुलीची शाळा या गावात ठेवून करता येईल असं दुसरं काम शोधा. पण ते तपासणीनंतर. अशक्तपणाच्या इंजेक्शनांवर आणि सासूबाईंच्या शापावर विसंबून नव्हे.

आता ते राहिलेलं. आज रात्री दोनला जाग आली की लगेच झटकू नका. दिवा लावा आणि डाव्या हाताच्या चिमटीनं उजव्या हाताचं एकेक बोट दाबून बघा. अंगठा, पहिलं, मधलं, अनामिका, करंगळी. कोणती मेलेली वाटतात आणि कोणती जित्ती, ते उशाशी ठेवलेल्या वहीत लिहा, मग हात झटका आणि झोपा. असं तीन रात्री करा आणि ती वही घेऊन डॉक्टरकडे जा. करंगळीचं काय निघालं, ते मलाही कळवा.